'भट्टी' लिहिले आणि अर्ज अडला

मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूला भरलेल्या उन्हाळी कला शिबिरात मी नऊ ते तेरा वयाच्या पंचवीस मुलांना मातीकाम आणि धातुकाम शिकवले. दहा दिवसांचे ते शिबिर मुलांच्या बाजूने कुठेच अडले नाही. ते अडले एका अर्जावर, आणि त्या अर्जातल्याही एकाच शब्दावर. त्या शब्दापायी मला सभागृहाच्या परवानग्या देणाऱ्या कार्यालयात सात फेऱ्या माराव्या लागल्या. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथे माझ्याशी कुणी उद्धटपणे बोलले नाही, उलट दोनदा चहाही मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात असे शिबिर घेऊ पाहणाऱ्या कुणाच्या चार फेऱ्या वाचल्या तरी पुष्कळ झाले, म्हणून हे लिहीत आहे.

मातीची सोय एका दिवसात झाली. डिचोली हे कुंभारकामासाठी पूर्वापार ओळखले जाणारे गाव आहे, आणि तिथले एक वयस्कर कुंभारमामा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी मळून तयार केलेली चाळीस किलो माती ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली. मुलामागे दीड किलोच्या हिशोबाने ती पुरली आणि थोडी उरलीही. मातीत बारीक वाळू आधीच मिसळलेली असली पाहिजे, कारण मुलांच्या हातून भांड्याची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होतेच, आणि निव्वळ चिकण माती अशा वेळी सुकताना तडकते. मामांना हे सांगावे लागले नाही.

धातुकामासाठी तांब्याचा पत्रा आणला होता, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित पातळ. अर्जात मी त्याबद्दल 'तांब्याच्या पत्र्यावर ठोककाम' एवढेच लिहिले होते आणि त्यावर कुणी एक प्रश्नही विचारला नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता तो अर्ज. अर्ज मी 2 एप्रिलला दिला, म्हणजे शिबिराच्या महिनाभर आधी, आणि आपण फारच वेळेवर आहोत अशा समजुतीत घरी आले. त्या अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यासमोर संगीत, नृत्य, नाट्य, व्याख्यान आणि इतर असे पाच चौकोन होते. मी 'इतर' वर खूण केली. त्याखाली 'सोबत आणावयाची साधने' असा रकाना होता, आणि तिथे मी सरळ मनाने लिहिले: 'मातीची भांडी भाजण्यासाठी एक लहान विद्युत भट्टी'. ही भट्टी म्हापशाच्या एका मैत्रिणीची, कपडे धुण्याच्या लहान यंत्राएवढी, तीन किलोवॉटची. पंधरा अँपिअरच्या साध्या जोडणीवर ती चालते, आणि सभागृहात लावलेली वातानुकूलन यंत्रे एकत्र चालू केली तर तिच्यापेक्षा कितीतरी अधिक वीज ओढतात.

आठवड्याने चौकशीला गेले तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी फाईल उघडली, त्या ओळीवर बोट ठेवले आणि कोंकणीत विचारले, "भट्टी? काजूची?"

मी हसले. ते हसले नाहीत. गोव्यात एप्रिलमध्ये भट्टी म्हटले की काजूची बोंडे आणि त्यांच्या रसापासून गाळलेली हुर्राक आणि फेणी ही दारू यांच्याशिवाय दुसरे काही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक असायला हवे होते. आमच्याच वाड्यावर हंगामात तो वास संध्याकाळभर पसरलेला असतो. तशा भट्टीला अबकारी परवाना लागतो, आणि अर्जासोबत तो जोडलेला नव्हता. मी ओळीचा पूर्वार्ध वाचून दाखवला, 'मातीची भांडी' या शब्दांवर जोर दिला. गृहस्थांनी ते मान्य केले, परंतु फाईलवर आधीच्या टेबलावरून 'परवाना जोडावा' असा शेरा पडला होता, आणि पडलेला शेरा खोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मग मी खुलाशाचे पत्र द्यावे असे ठरले. तोवर, ते म्हणाले, "फाल्यां पळोवया," म्हणजे उद्या पाहू.

खुलासा मी घरी बसून फार काळजीने लिहिला. 'भट्टी' हा शब्द त्यात एकदाही येऊ द्यायचा नाही, असा पण केला होता. म्हणून लिहिले, 'सदर साधन हे भाजणीचे विद्युत यंत्र असून त्यात मद्यार्क अथवा तत्सम काहीही तयार होत नाही'. पत्राला आवक क्रमांक मिळाला, मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाच दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी फाईल दुसऱ्या टेबलावर होती. तिथल्या बाईंनी मला अतिशय सौम्यपणे सांगितले की सभागृहात स्वयंपाक करण्यास मनाई आहे. भाजणी म्हटल्यावर त्यांना थालीपिठाची भाजणी आठवली होती. खरे सांगायचे तर त्यांचे काही चुकले नाही. मराठी घरातल्या कुणालाही तीच आठवली असती. तरीही त्या दुपारी कार्यालयाच्या जिन्यावर उभी राहून मी स्वतःवर, मराठी भाषेवर आणि सरकारी शाईवर एकदमच चिडले.

चौथ्या फेरीत मी यंत्राचे छायाचित्र नेले, आतली तापणारी तार दिसेल असे झाकण उघडून काढलेले. ते पाहून मद्य आणि स्वयंपाक हे दोन्ही प्रश्न दोन मिनिटांत मिटले. छायाचित्र पहिल्याच दिवशी जोडायला हवे होते. त्यानंतर विजेच्या भाराचा प्रश्न निघाला. सभागृहाच्या वीजतंत्र्याने ती जोडणी पाहून "चालेल, टीचर" असे जागच्या जागी सांगितले होते, पण त्याचे तोंडी सांगणे फाईलला लावता येत नव्हते, आणि लेखी द्यायला त्याला वरिष्ठांची लेखी सूचना हवी होती. ती सूचना काढण्यात पाचवी फेरी गेली, त्याचा दाखला पोहोचवण्यात सहावी. सातव्या फेरीला फाईल पूर्ण होती, आणि सही करणारे अधिकारी रजेवर होते. शिबिराचा तो दुसरा दिवस होता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय लागले, ते आता सांगते. तांबे ठोकता ठोकता कडक होते; घाव पडतील तसा पत्रा हाताला विरोध करू लागतो आणि तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून त्याला मधूनमधून मंद लालसर रंग येईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावे लागते, की तो पुन्हा मऊ होतो. हे काम मी गॅसच्या फुंकणीने करीत होते, म्हणजे निळी, फुसफुसणारी, उघडी ज्योत. वाळूची बादली, पाण्याची बादली, जमिनीवर विटा आणि मुलांसाठी खडूची रेघ एवढा बंदोबस्त मी आपण होऊन केला होता. त्या ज्योतीबद्दल कुणी काही विचारले नाही, कारण अर्जात 'ठोककाम' लिहिले होते. जिच्यात ज्योतच नाही, जी बाहेरून बंद असते, ती भट्टी मात्र महिनाभर टेबलांवरून फिरत होती. ज्योतीचा उल्लेख मी अर्जात करायला हवा होता, हे मला कबूल आहे. पुढच्या वेळी करणार आहे.

इकडे मुलांना यातले काही माहीत नव्हते. पहिले दोन दिवस आम्ही मातीचा गोळा तळहातावर घेऊन, अंगठा मध्ये रुतवून, चिमटीने भिंत चढवत वाट्या केल्या. चाक मी मुद्दाम आणले नाही. पंचवीस मुलांत एक चाक म्हणजे निम्मा दिवस रांग. तिसऱ्या दिवशी वळ्या रचून उंच भांडी केली. चौथ्या दिवशी गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रे दाखवली, ज्यांत तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात, आणि आम्ही तेच उलटे केले: तांबड्या मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ घोळ लावला आणि तारेने खरवडून तांबडी नक्षी काढली. एका मुलाने मोर काढायला घेतला आणि पिसारा भांड्याच्या पाठीमागे जाऊन पुन्हा मोराच्याच चोचीला भिडला. त्याने तो तसाच ठेवला, हे बरे केले.

एक सूचना इथेच लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल. प्रत्येक भांड्याच्या तळाशी मुलाचे नाव ओल्या मातीतच कोरून घ्यावे. चिकटवलेले कागद सुकता सुकता गळून पडतात, आणि मग पाच मुले एकाच वाटीवर हक्क सांगतात. दुसरी सूचना अशी की सुकलेल्या मातीचा कचरा झाडूने कधीही काढू नये. त्या धुळीतले गारगोटीचे बारीक कण फुप्फुसांत जातात, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. मुलांना ते काम दिल्यास आनंदाने करतात.

सुकण्याचे मात्र काही लवकर उरकेना. मेमध्ये आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की आमची भांडी पंख्याखाली सहा दिवस ठेवूनही तळाशी ओलीच होती. भांडे सुकले की नाही ते ओळखण्याची साधी रीत मामांनी मला फार पूर्वी शिकवली होती: ते गालाला लावून पाहावे. गार लागले, तर आत पाणी आहे. रोज सकाळी पंचवीस मुले रांगेत उभी राहून आपापली वाटी गालाला लावीत आणि "गार, टीचर", "माझी पण गार" असे गंभीरपणे सांगत. भांड्यात मुरलेले पाणी 100 अंशांच्या वर गेले की त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर भांडे आतून फुटते. मातीच्या कणांशी बांधलेले पाणी तर साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान सुटते. मुलांना मी आकडे सांगितले नाहीत, बंद डब्यात उकळलेल्या पाण्याने झाकण कसे उडते एवढेच सांगितले.

माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की परवानगी वेळेवर आली असती तर मी उत्साहात ओलीच भांडी भट्टीत घातली असती आणि निम्मी फोडली असती, तेव्हा त्या कार्यालयाचे आभारच मानायला हवेत. मी आभार मानणार नाही. भांडी सुकेपर्यंत थांबण्याइतके मला कळते.

सातव्या दिवशी मी परवानगीचा नाद सोडला आणि मामांना फोन केला. "आव्याला कुणाची सही लागत नाही, घेऊन ये," असे ते म्हणाले. आवा हा कुंभाराच्या भाजण्याचा खरा, जुना शब्द. तो मला अर्ज भरताना का सुचला नाही, याचे वाईट मला अजून वाटते. आम्ही एकेचाळीस भांडी पेंढ्यात रचून टेंपोने डिचोलीला नेली. मामांनी ती आधी उन्हात, मग आव्याच्या कडेला मंद धगीवर अर्धा दिवस तापवली, आणि मगच आत लावली. मी घाई करू लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी राख बाजूला सारल्यावर अडतीस भांडी धड निघाली. तीन तडकली होती, त्यांपैकी एक माझे. मोराचे धड होते, आणि पिसाऱ्यावर धुराचा एक काळा पट्टा आला होता, जो त्या मुलाला आपल्या नक्षीहूनही जास्त आवडला.

तांब्याच्या थाळ्या तोवर तयार झाल्या होत्या. तापवल्यामुळे आलेला काळा थर मुलांनी चिंचेने आणि भिंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालींनी घासून काढला. थाळी काळपट करायची असेल, तर रसायनांच्या नादी लागू नये. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून थाळीबरोबर झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवला की पुरते. सकाळी डबा उघडताना मुलांना नाक धरून ओरडायला मिळते, हा वेगळा लाभ.

परवानगीचे पत्र नवव्या दिवशी आले. त्यात विषय म्हणून 'उन्हाळी शिबिरात भट्टी लावणेबाबत' असे लिहिले होते, आणि चौथी अट अशी होती की भट्टीतून निघणाऱ्या मालाची सभागृहाच्या आवारात विक्री करता येणार नाही. ते पत्र मी जपून ठेवले आहे, कारण पुढच्या अर्जाला मागील परवानगीची प्रत जोडली तर काम सोपे होते, असे त्याच बाईंनी जाताना सांगितले. पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज मी जानेवारीतच देऊन टाकला. साधनांच्या रकान्यात 'छायाचित्र पाहावे' एवढेच लिहिले आहे, आणि आवक क्रमांक मिळाला आहे.