आरशाची चौकट: कोपरे उघडले, वेलही कापली, पण वाट सापडली

मंडळी, मागच्या नोंदीत आरशाच्या सागवानी चौकटीवर कोरलेली वेल पूर्ण झाल्याचं कळवलं होतं, फोटोही टाकले होते. त्यातला वरचा डावा कोपरा आता विसरा. गेल्या मंगळवारी रात्री मागच्या खोलीतून ‘टक्’ असा आवाज आला. एप्रिलच्या उन्हानंतर आमचा पत्रा रात्री असाच वाजतो, म्हणून मी उठले नाही. सकाळी चौकटीवरची चादर काढली तर कोपऱ्यातलं मोठं पान मधल्या शिरेवरून उभं दुभंगलेलं. त्याचा अर्धा भाग आडव्या पट्टीवर, अर्धा उभ्या पट्टीवर आणि मध्ये फट. आतल्या टोकाला पोस्टकार्ड सहज जात होतं, बाहेरच्या टोकाला मात्र सांधा घट्ट. खालचा उजवा कोपराही त्याच वाटेवर होता.

त्या एका पानावर माझे तीन रविवार गेले होते. त्या दिवशी मी हत्याराला हात लावला नाही.

मग कॅलिपर काढला. जुलैत पट्ट्या चिकटवल्या तेव्हाची मापं वहीत होती. प्रत्येक पट्टी ४ इंच रुंद, म्हणजे १०२ मिलिमीटर धरा. आता तीच पट्टी जेमतेम १०१ भरते. लांबी मोजली, ती जशीच्या तशी. इथेच सगळं आलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आक्रसतो आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याहून कमी. इतर लाकडांच्या मानाने हे कमीच, म्हणून आपण सागाच्या भरवशावर निर्धास्त राहतो. माझी चौकट आषाढात चिकटवली होती, तेव्हा ओलाव्याचा मीटर १५ टक्के दाखवत होता. आता ९. सहा टक्क्यांच्या फरकाला ४ इंचांत एक मिलिमीटर, हिशेब अगदी बरोबर बसतो.

मायटरच्या, म्हणजे दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून कोपऱ्यात जोडलेल्या सांध्यात त्या मिलिमीटरचं काय होतं ते कागदावर काढून बघा. लांबी तेवढीच आणि रुंदी कमी, म्हणजे ४५ अंशांचा काप ४५चा राहत नाही, थोडा मिटतो. दोन्ही पट्ट्यांचे कोन मिळून ९० भरत नाहीत. बाहेरचं टोक धरून राहतं आणि आतून फट पडते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की उलट होतं, आतलं टोक दाबलं जातं आणि बाहेरून उघडतं. पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. फोटोफ्रेमच्या पाऊण इंची पट्टीत हे कुणाला दिसत नाही, ४ इंचांच्या नक्षीदार पट्टीत लपत नाही.

हे कळूनही मी चार दिवस सांधा वाचवायच्या मागे लागले. आधी सागाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून फट भरली. दिसायला ठीक, पण जवसाच्या तेलाचा पहिला हात फिरवताच तिथे फिकट पट्टा उमटला, कारण वाळलेला गोंद तेल पीतच नाही. सगळं खरवडून काढलं. मग त्याच लाकडाची कागदासारखी पाचर तासून बसवली. ही खरंच सुंदर बसली, शीर शिरेला जुळली. शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे बघत बसले असताना ध्यानात आलं की जूनमध्ये लाकूड फुगेल तेव्हा ही पाचर आतल्या टोकाला आणखी रेटा देईल आणि बाहेरचं टोक फोडेल. म्हणजे मी फट बुजवली नव्हती, पुढच्या फटीची सोय केली होती. सांधे सोडवून नव्याने ४५चा काप घ्यावा, तर तो आजच्या हवेपुरता.

लाकूड बदलायचा प्रश्नच नव्हता. जुन्या मंडळींना ठाऊक आहे, ही चौकट जिच्यातून निघाली ती तुळई माझ्या माहेरच्या, सांगलीच्या गावभागातल्या माडीची. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा खालचा मजला पाण्यात होता. पुढे माडी उतरवावी लागली आणि ही एक तुळई मी मागून आणली. तिच्यातला शेवटचा २२ इंचांचा तुकडा तेवढा शिल्लक होता.

रविवारी मिरजेला गेले ते वेगळ्याच कामाला. वरच्या महिरपीसाठी तूण नावाचं लाकूड मिळतंय का ते बघायचं होतं. सतारी-तंबोऱ्यांच्या दांड्या तिथे तुणाच्याच करतात आणि तूण पटाशीखाली सागापेक्षा फार मऊ चालतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे काम करणारी जुनी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारं घडवणारी, त्यांना धार लावणारी. तिथल्या पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितली की त्याचा पुरावा मिळतो, ती नखावर घसरतच नाही.

ज्यांच्याकडे गेले त्या चाचांना मी मोबाइलवर दुभंगलेलं पान दाखवलं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि शेजारचा अर्धवट झालेला तंबोरा उचलून माझ्यासमोर धरला. भोपळा दांडीला जिथे मिळतो तिथे गोलाकार कोरलेली पानं बसवलेली होती.

“ह्याच्या खाली काय आहे, ताई?”

“सांधा.”

“मग? सांध्यावर कोरायचं नसतं. सांधा झाला की वरनं पान बसवायचं.”

मी कितीतरी तंबोरे जवळून पाहिलेत. त्या पानांकडे मी आजवर नुसती शोभा म्हणूनच बघत आले. सुकलेल्या भोपळ्याची साल एक, तुणाचं लाकूड दुसरं, दोघं एकसारखी हलणार नाहीत हे त्या कारागिरांनी केव्हाच जाणलं आणि नक्षी नेमकी तिथे ठेवली. परतताना रिक्षात जुन्या वाड्यांच्या चौकटी आठवत बसले. दारावरची गणेशपट्टी दोन्ही बाजूंना पुढे आलेली, उभे खांब तिच्यात कुसवाने, म्हणजे टोकाला काढलेल्या जिभेने, घुसवलेले. ४५चा काप मला एकाही जुन्या चौकटीत आठवेना.

घरी येऊन पेन्सिलने आखलं. चारही कोपऱ्यांचे तिरके भाग काढून टाकायचे आणि तिथे चौरस ठोकळे बसवायचे. ठोकळा साडेचार इंचांचा, म्हणजे पट्टीपेक्षा आत पाव आणि बाहेर पाव इंच पुढे. जाडीलाही थोडा वर. आता पट्टी आक्रसली तरी फट पडत नाही, ठोकळ्याची कड तेवढी केसभर जास्त दिसते, आणि ती तर मुद्दामच सोडलेली कड आहे. सगळ्यात मोठा दिलासा म्हणजे मधला गाळा जवळपास तेवढाच राहतो, २४ बाय ३६चा आरसा तसाच बसतो. शिल्लक २२ इंचांत चार ठोकळे निघतात, करवतीचा काप धरूनही.

वेलीवर करवत ठेवताना हात थांबला, हे खरं आहे. पहिला काप मी जपानी ओढकरवतीने घेतला, पानाच्या देठापासून पाव इंच सोडून. कापाच्या तोंडाशी लाकूड आतून मधासारखं पिवळं निघालं, शंभर वर्षांच्या काळ्या कातडीखाली, आणि खोलीभर तो कातड्यासारखा तेलकट वास पसरला. चार कोपरे, आठ काप, एकही ढलपी उडाली नाही.

जोड सुट्या कुसवाचा केला, कारण पट्टीला आता कुसू काढायला लांबी उरली नव्हती. दोन्हीकडे साल, म्हणजे कुसवाची चौकोनी खोबण, पाडायची आणि मध्ये वेगळं कुसू घालायचं. ठोकळ्यात शेजारच्या दोन बाजूंनी दोन साली येतात, त्या आत एकमेकींत घुसू नयेत म्हणून खोली सव्वा इंच आणि रुंदी दीड इंच ठेवली. पहिलं कुसू अंगठ्याने दाबत नेलं, शेवटचा सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोगरीच्या दोन हलक्या टोल्यांनी. सांध्यावर बोट फिरवलं, नख कुठे अडकलं नाही. त्या रात्री मी जेवायलाही उशिरा गेले. ज्यांनी हा जोड कधी केला नाही त्यांनी एकदा करून बघाच.

चिकटवण्याआधी सागाचं तोंड ॲसिटोनने पुसायला विसरू नका, अंगचं तेल गोंदाला धरू देत नाही. पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गोंद लागला पाहिजे, नाहीतर तेल पुन्हा वर येतं.

हत्यारांचं विचारत होतात. ऑनलाइन मागवलेला बारा नगांचा संच मी बाजूला ठेवला आहे. पोलाद इतकं नरम की सागातली वाळू, म्हणजे सिलिका, त्याची धार अर्ध्या पानात खाते. त्यापेक्षा मिरजेच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याच्या करून घेतलेल्या दोन गोल पटाश्या, एक पाव इंची आणि एक अर्धा इंची, यांच्यावर आता सगळं काम चाललं आहे. धार शेवटी कोल्हापुरी चपलेच्या जुन्या तळाच्या कातड्यावर, हिरवा बफिंगचा साबण घासून. दर वीस मिनिटांनी दहा-बारा ओढी. माझ्याकडच्या कुठल्याही महागड्या पट्ट्यापेक्षा हे कातडं सरस आहे.

ठोकळ्यांवर आठ पाकळ्यांचं कमळ कोरायचं ठरवलं होतं, एक झालंसुद्धा. पण हे लिहिता लिहिता चाचांचं वाक्य पुन्हा डोक्यात फिरतंय. ‘वरनं पान बसवायचं.’ कमळामुळे वेल ठोकळ्यापाशी येऊन तुटते. त्याऐवजी ठोकळ्यावर पान घ्यावं आणि त्याचं टोक सांध्यावरून पुढे पट्टीवर टेकू द्यावं. गोंद फक्त ठोकळ्याच्या बाजूला, पट्टीच्या बाजूला पान नुसतं टेकलेलं. पट्टी आक्रसली, फुगली तरी पानाखालून सरकेल आणि वेल कोपऱ्यावरून अखंड वळलेली दिसेल. ठोकळा पट्टीपेक्षा वर आहे, म्हणून पानाच्या पोटाला पायरी पाडावी लागेल, आणि टेकणारं टोक सुतापेक्षा पातळ ठेवून चालणार नाही, नाहीतर धूळ पुसताना मोडेल. चार कोपऱ्यांना आठ पानं.

मग तुणाची महिरपही याच न्यायाने हवी. ती स्क्रूने घट्ट आवळायची नाही. मधला एक स्क्रू पक्का आणि बाजूचे दोन लांबट भोकांतून. कोरलेलं कमळ महिरपीच्या मधोमध जाईल, म्हणजे त्याचं कामही फुकट जाणार नाही. केळफुलांची नक्षी मात्र मागच्या नोंदीत होती तिथेच, दोन बाजूंना.

आरसा अजून आणलेला नाही. ५ मिलिमीटरचा, या मापाचा साधारण ७ किलो भरेल, म्हणून मागची पट्टी खिळ्यांनी न मारता स्क्रूनेच बसवणार. खाचेत चारही बाजूंनी २ मिलिमीटर मोकळे. आणि खाचेची आतली बाजू आधी काळी रंगवून घ्या, नाहीतर आरशात तिरकं बघताना कच्चं लाकूड दिसतं. हे मी आधीच्या छोट्या चौकटीत शिकले.

टाकाऊ सागाचा एक ठोकळा, पट्टीचा एक तुकडा आणि त्यांच्यावर एका बाजूने चिकटवलेलं कच्चं पान, असा नमुना आज संध्याकाळी तयार केला. ओल्या फडक्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला आहे. आठवडाभर पिशवीत, मग आठवडाभर गच्चीवर उन्हात. सांध्यावर पेन्सिलची रेघ मारली आहे, ती किती सरकते ते मीटरच्या आकड्यासह लिहीन. तोवर खऱ्या पानांना हात लावणार नाही.