तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळ, पायडल आणि पावलं

"ताई, चार वर्षं झाली हे पावलं मोजायचं घड्याळ तुमच्या हातात बघतेय. आमच्याकडचं पंधरा दिवसांत कपाटात गेलं. तुम्हाला कंटाळा नाही का येत?"

मापाचं ब्लाऊज पिशवीतून काढता काढता हा प्रश्न हमखास येतो. माझ्या गळ्यात टेप, कानावर खडू, समोर पाठीचं माप, त्यामुळे उत्तर अर्धंच राहतं. लग्नसराईत तर "येतो की" एवढं म्हणून मी पुढचीला हाक मारते. आज पाऊस लागलाय, लाईट गेलीय, काजं करायला उजेड पुरत नाही. तेव्हा बसून लिहिते.

तर, कंटाळा येतो. माझंही घड्याळ दोन महिने बॉबीनच्या डब्यात पडून होतं, रिकाम्या रिळांखाली. तिथे ते कसं गेलं आणि परत मनगटावर कसं आलं, सांगण्यासारखं आहे ते एवढंच.

मी अमळनेरची. पुढच्या खोलीत मशीन, सत्तावीस वर्षांचं शिवणकाम. चार वर्षांपूर्वी रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण दारात येऊन उभा आहे. गोळी नको, चालायला लागा. पुण्याच्या लेकीने लगोलग घड्याळ पाठवलं, फोनला जोडूनही दिलं. रोजचं लक्ष्य त्यात आधीच भरलेलं होतं: १०,००० पावलं.

पहिल्या रात्री बघितलं तर २,१३८. दिवसभर एक घटका टेकले नव्हते असं मला वाटत होतं, आणि पडद्यावरच्या गोलाचा जेमतेम चतकोर रंगलेला. रागच आला. दुसऱ्या दिवशी रांधणं, धुणं, आठ ब्लाऊजं, तरी २,४००. मग लेकीने फोनवर समजावलं. घड्याळाच्या पोटात हालचाल टिपणारा एक बारीकसा सेन्सर असतो. चालताना हात एका लयीत झुलतो, त्या झोक्यावरून ते पाऊल ओळखतं. आता माझं बघा. मी मोटर बसवलेली नाही, अजून पायडलच मारते. पाय सकाळपासून वरखाली, पण हात कापडावर दाबून धरलेले. घड्याळाच्या लेखी मी नुसती बसलेली बाई.

मग एक उद्योग केला. परकराला घालतात ते इलॅस्टिक कापलं आणि घड्याळ घोट्याला बांधलं. अर्ध्या तासात १,९०० च्या वर! मी खूश. तेवढ्यात एक बाई फॉल-पिकोच्या साड्या घेऊन आली, पायाकडे बघून म्हणाली, "वेळ बघायला रोज एवढं वाकता का?" हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी मात्र मी ते सोडून टाकलं. पायडल मारणं हे कष्ट आहेतच, पण खुर्चीत बसूनच दहा हजार होणार असतील तर मला उंबऱ्याबाहेर काढणार कोण?

उलटा प्रकार भरताच्या दिवशी झाला. हिवाळ्यात आमच्याकडे भरताची पार्टी ठरली की वीस-पंचवीस माणूस असतं. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढायची, आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मुसळीने ठेचायची. ठेचायचं काम माझ्याकडे आलं. मिरच्या-लसणाचा ठसका बसतोय, घाम कपाळावरून नाकावर आलाय, मी एका जागी मांडी घालून ठेचतेय, आणि मनगटावर घड्याळ थरथरलं: शाब्बास, लक्ष्य पूर्ण! ठेचण्याचा प्रत्येक ठोका त्याने पाऊल म्हणून लिहून घेतला होता. खड्ड्यांच्या रस्त्याने ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून शेतात गेले, तेव्हाही चार-पाचशे पावलं अशीच फुकटात पडली.

आणि सासूबाईंचं तर निराळंच. ऐंशीच्या पुढच्या. तरुणपणी चैत्रात वणीच्या गडावर पायी गेलेल्या. एक दिवस हौसेने त्यांच्या हातात बांधलं. दिवसभर काठी टेकत ओट्यावर, परसात, देवळात, शेजारी, सगळीकडे त्यांची फेरी झाली आणि रात्री आकडा आला ८६०. पाय घासत, हळू चालणाऱ्या माणसाची पावलं ही घड्याळं बरीच गाळतात, त्यात काठीचा हात झुलत नाही. सासूबाईंनी घड्याळ काढून माझ्या मांडीवर टाकलं. "खोटं बोलस हाई. पाय मन्हा दुखतस आन् मोजस हाई!"

एवढ्या गमती झाल्यावर कुणालाही वाटेल, मग कशाला घालायचं? माझं म्हणणं, चुकलं तरी ते रोज त्याच मापाने चुकतं. आमच्या धंद्यात एखादीची टेप अर्धा इंच सैल असते, पण सगळी मापं तिनेच घेतली तर ब्लाऊज बसतं. कालचं आणि आजचं ताडून बघायला घड्याळ पुरे. कॅलरीचा आकडा मात्र मी बघतच नाही. तो बघून एकदा शेवभाजीची दुसरी वाटी घेतली होती, तेवढी एकच चूक पुरे.

आता ते डब्यात गेलं त्याची गोष्ट. दहा हजार गाठायचेच म्हणून मी हट्टाला पेटले. सलग ६१ दिवस गाठलेही. लागोपाठ दिवसांची साखळी घड्याळ दाखवतं, ती तुटू नये म्हणून जीव नुसता टांगणीला. भाच्याच्या हळदीच्या रात्री पाहुणे झोपल्यावर अकरा-चाळीसला मी अंगणात फेऱ्या मारत होते, मांडवाच्या खांबांमधून, ८,९०० वरून पुढे. ह्यांनी खाटेवरून मान वर केली. "काही हरवलं का?" त्यांना काय सांगणार? बारा वाजायच्या आत झाले दहा हजार. दुसऱ्या दिवशी नवरीकडच्यांच्या पंक्तीत मी उभ्या उभ्या डुलक्या घेत होते.

पुढच्याच आठवड्यात ताप आला. साखळी तुटली, शून्य. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. घड्याळ डब्यात टाकलं, झाकण लावलं. चालणंही थांबलं, हे त्यातलं वाईट.

परत काढायला लागलं ते शेजारच्या वहिनींमुळे. त्यांच्याकडे घड्याळ नाही. मी सुरू केलं तेव्हा त्या सोबत यायला लागल्या होत्या, आणि मी बंद केल्यावर एकट्याच जात राहिल्या. एका पहाटे कडी वाजवून म्हणाल्या, "बोरी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलं तर किती होतं ते विसरले. तुमचं यंत्र घेऊन चला ना एकदा." मोजायला म्हणून गेले. तेव्हापासून आकडा दोघींचा आहे. त्या विचारतात, मी वाचून दाखवते. पहाटे साडेपाचला त्या कडी वाजवतात, आणि मी उठले नाही तर पुन्हा वाजवतात. घड्याळही दर तासाला "उठा" म्हणून थरथरतं, पण त्याला गप्प करता येतं.

त्याच सुमारास लेकीने दहा हजारांचं मूळ वाचून दाखवलं. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा पसरली, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. गोल, लक्षात राहणारा आकडा. डॉक्टरांनी मोजूनमापून ठरवलेली मात्रा तो नव्हताच. पुढे अभ्यास झाले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा एक अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. २०२५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यातही २,००० च्या तुलनेत ७,००० ला मोठा फरक निघाला. हे ऐकून मला आधी त्या हळदीच्या रात्रीची आठवण झाली. पाहुण्यांच्या उशाशी मारलेल्या त्या फेऱ्या एका जपानी जाहिरातीपायी!

लक्ष्य मी स्वतः बदललं. घड्याळाच्या फोनमधल्या ॲपमध्ये ते बदलता येतं, हेच कित्येकींना ठाऊक नसतं. नेहमीचं ६,५००. मे महिन्यात ४,०००, कारण आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा सकाळी आठनंतर चालणं म्हणजे आजारपणाला आवतण. त्याच दिवसांत सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरीच्या पात्रात पाळणे लागतात, तेव्हा एखाद्या संध्याकाळी न मागता अकरा हजार होतात, ते बोनस. लग्नसराईत ब्लाऊजांचा ढीग पडला की ३,५००. रोजचा आकडा कमीजास्त होऊ दे, मी रविवारी आठवड्याची सरासरी बघते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी.

बाकी पावलं कामातूनच काढते. पूर्वी अस्तर, हूक, धागा आठवड्याचं एकदम आणायची. आता जेवढं लागेल तेवढंच, पायी. दुकानदार वैतागतो, "ताई, दोन रिळांसाठी आलात?" शिवलेले कपडे जवळपासच्या घरी मीच पोचवते. लेकीचा फोन आला की बसायचं नाही, अंगणात बोलायचं. ती सासरची गाऱ्हाणी सांगायला लागली की सहज दोन हजार होतात. आणि रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं, दीडेक हजार पावलं, ती चुकवत नाही. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दहा हजारांच्या नादात मीच विसरले होते. गेल्या वर्षी साखरेचा आकडा ५.८ आला. भातही कमी केला होता, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देत नाही.

आता दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या पाठोपाठ येतोच: कोणतं घड्याळ घेऊ? आधी घेऊच नका. पावलं तुमचा फोनही मोजतो, त्यातही तसाच सेन्सर आहे. फक्त फोन अंगावर हवा. आणि घोडं अडतं ते तिथेच. पुरुषांच्या पँटीला चार-चार खिसे, आपल्या साडीला एकही नाही. फोन राहतो फ्रिजवर, बाई हिंडते घरभर, आणि संध्याकाळी फोन म्हणतो ३१२ पावलं. म्हणून आता पहाटे आमच्यासोबत चालणाऱ्या घोळक्यातल्या पाचजणींना मी परकराला आतून खिसा शिवून दिलाय, जाड कापडाचा, वर चेन, फोन उड्या मारू नये इतका घट्ट. तीस रुपये घेते. येताना फोन सोबत आणा, मोठे फोन निघालेत आता, माप घ्यावं लागतं. आणि उजवीकडे हवा की डावीकडे, ते घरून ठरवून या.