बिडाच्या ब्रेक ड्रमवर उभा राहिलेला ग्राइंडर

हत्यारांना धार लावायचा ग्राइंडर चालू केला की लाकडी टेबलाला जी थरथर सुटत असे, तिच्यामुळे ड्रिलला नीट धार लागणे कठीण झाले होते. अशा यंत्राला खाली वजन हवे, आणि तेही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, कारण बिडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपने पोलादापेक्षा कितीतरी लवकर जिरतात. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ट्रकचा झिजलेला ब्रेक ड्रम किलोच्या भावाने घेतला. काट्यावर तो 42 किलो भरला.

ड्रमवर लोखंडी पट्टी मी नेहमीच्या वेल्डिंग रॉडने जोडली आणि तिथेच चूक झाली. जोड दिसायला उत्तम होता. मात्र तो निवत असताना ‘टण्’ असा आवाज आला आणि जोडाच्या कडेने केसासारखी चीर गेली. बिडात कार्बन साधारण 3 टक्क्यांच्या आसपास असतो. जोडालगतचा तापलेला भाग झपाट्याने निवला की तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, आणि आकसणाऱ्या जोडाची ओढ त्याला सोसत नाही. बीड जोडायचेच असेल, तर ते आधी तापवावे, निकेलचा रॉड वापरावा आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्यावे. मी तो मार्ग सोडला आणि तसाच दुसरा ड्रम आणला. चाकाचे बोल्ट जाण्यासाठी ड्रमच्या तोंडावर मुळातच भोके असतात. त्यांवर 12 मिलिमीटर जाडीची प्लेट नटबोल्टने आवळली आणि उभा खांब त्या प्लेटला वेल्ड केला.

खांबासाठी मिळालेला चार इंची पाइप जस्ताचा मुलामा दिलेला होता. पोलाद वितळते ते 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास, तर जस्त 907 अंशांनाच उकळते. त्यामुळे वेल्डिंग सुरू होताच पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायले की हा धूर बाधत नाही, असे कामगार एकमेकांना मनापासून सांगतात, परंतु त्यावर कुणीही विसंबू नये. मी दोन्ही टोकांचा मुलामा दोन-दोन इंच घासून काढला आणि वेल्डिंग उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, बाजूने वारा घेत केले.

भंगारातील तुकडा कोणत्या धातूचा आहे, हे मी आता विकत घेण्यापूर्वी ठिणगीवरून पाहतो. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना वाटेत दाट फुलबाज्या फुटतात, आणि बिडाच्या ठिणग्या आखूड व लालसर असतात. ऐरणीसाठी रुळाचा तुकडाही एकाने देऊ केला होता, पण लिलावाची पावती नसल्याने मी तो घेतला नाही. रेल्वेची चोरीची मालमत्ता बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हौसेपोटी त्यात पडणाऱ्यांना मी कळकळीने अडवतो.

शेवटी पाइपात कोरडी वाळू ठासून भरली, तेव्हा उरलीसुरली थरथरही बरीच कमी झाली. आता हत्यार बुडवून गार करण्यासाठी खांबाला पाण्याचे भांडे अडकवायचे राहिले आहे. ते बहुधा जुन्या कुकरचे होईल.