एपिरसच्या डोंगरांत चार दिवस

कोनित्साच्या दगडी पुलाच्या कमानीखाली एक छोटी घंटा टांगलेली आहे. वाऱ्याने ती वाजू लागली की पूल ओलांडायचा नाही, हा इथला जुना नियम. आम्ही गेलो तेव्हा घंटा गप्प होती, तरी मी अगदी मधूनच चालले.

ग्रीसच्या वायव्येचा एपिरस म्हणजे पिंडस पर्वताच्या रांगाच रांगा. शेतीला सपाट जागा थोडी. मग झागोरी या डोंगरी गावांच्या भागातली दगडी घरं आणि एवढे पूल बांधायला पैसा आला कुठून? बाहेरून. इथले पुरुष रुमानिया, इस्तंबूल, ओडेसापर्यंत व्यापाराला जात, वर्षानुवर्षं परत येत नसत आणि कमाई गावी धाडत. किपी गावाजवळ १७५० सालचा कोक्कोरोस पूल आजही भक्कम उभा आहे. २०२३ मध्ये झागोरी युनेस्कोच्या यादीत आलं, ते मला फार योग्य वाटलं.

मेत्सोवो या डोंगरातल्या गावाची गोष्ट दुधाची. इथले व्लाख जमातीचे मेंढपाळ थंडीत कळप घेऊन थेसलीच्या मैदानात उतरत. आपले धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात, तेच आठवलं. विसाव्या शतकात गावातल्या तरुणांना चीज शिकायला इटलीला पाठवलं गेलं आणि त्यातून ‘मेत्सोवोने’ नावाचं धुरावलेलं चीज घडलं. दुकानात ते सुतळीने बांधून टांगलेलं असतं; कापलं की आत फिकट पिवळं, आणि हाताला धुराचा वास रात्रीपर्यंत राहतो. शाकाहारी मंडळींनी रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ, तो प्राण्याच्या पोटातलाही असतो) कुठलं ते विचारून घ्यावं. झागोरीची पातळ अलेवरोपिता (चीज घालून भाजलेली पिठाची पोळी) चविष्ट आहे, पण पिठात अंडं असतं.

मुक्काम यानिना या एपिरसच्या मुख्य शहरात ठेवा आणि गाडी भाड्याने घ्या, कारण झागोरीला बस फार कमी जातात. त्यासाठी निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. एग्नातिया महामार्ग (२००९ मध्ये पूर्ण झाला) बोगद्यांतून सरळ मेत्सोवोला नेतो, पण झागोरीतली वळणं वेळ खातात. नकाशावर दिसतो त्याच्या दीडपट वेळ धरा. पेट्रोल यानिनातच भरून घ्या.

झागोरीतल्या विकोस दरीत मोनोदेंद्री गावाहून उतरून विकोस गावी निघायचं तर अंतर बारा किलोमीटरच्या आसपास, पण पायाखाली सगळे धोंडे. आम्हाला सात तास लागले आणि उतारावर गुडघे बोलू लागले. काठी न्याच. परतीची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा, कारण मोनोदेंद्रीला परतायचा गाडीरस्ता लांबून वळसा घालून जातो. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. नोव्हेंबरपासून पाऊस झोडपतो आणि दरीतली वाट निसरडी होते.