काळोखातला फॉल्ट

आंबोलीचा पाऊस फिरायला येणाऱ्यांना धबधब्यापुरता माहीत. वर्षाला ७००० मिलीमीटरच्या आसपास पडतो, आणि तो सगळा आमच्याच ११ केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) विजेच्या लाईनवर पडतो असं मला जुलैत वाटतं.

त्या रात्री फिडर (सबस्टेशनातून निघणारी लाईन) सारखा ट्रिप होत होता, म्हणजे आपोआप बंद पडत होता. ऑपरेटरने चार्ज केला, म्हणजे परत चालू केला, की पंधरा-वीस मिनिटं उभा राहायचा आणि परत अर्थ फॉल्टवर (करंट जमिनीत उतरला की) जायचा. झाड पडलं, तार तुटली तर एकदाच जातं आणि सापडतं पण. हे असं येऊन-जाऊन म्हणजे बहुतेक पिन इन्सुलेटर, तारेला पोलापासून वेगळं ठेवणारा, लोखंडी पिनेवर बसवलेला. चिनी मातीला केसाएवढी चीर असते, उन्हात तुम्ही दुर्बीण लावून बघा, काही दिसणार नाही. ओली झाली की त्या चिरेतून करंट पिनेवर उतरतो, चर्र चर्र आवाज येतो आणि निळसर ठिणग्या दिसतात. म्हणून असला फॉल्ट भर पावसात, काळोखात, लाईन चालू असतानाच शोधायचा, पोलापासून लांब राहून. तात्या (आमचा सीनियर, पुढच्या वर्षी रिटायर) खिशात जुना ट्रान्झिस्टर ठेवतो, मिडियम वेव्हला लावून चालायचं, खरखर वाढली की जवळ आलो समजायचं. साहेबलोक हसतात, पण फॉल्ट तात्यालाच सापडतो. लोकांचे फोन चालूच, लाईट कधी येणार, जणू मी घरात बटण दाबून बसलोय.

जंगलातल्या स्पॅनमध्ये (दोन पोलांमधल्या पट्ट्यात) खरखर वाढली. तात्या म्हणाला, "बॅटरी बंद कर नी गप रव." धुकं इतकं की वर बघून काही कळेना. उभेच राहिलो. दहाएक मिनिटांनी डोळे सरावले आणि वर बघायच्या नादात माझं लक्ष खाली गेलं तर जमीन उजळलेली. हिरवट, थंड उजेड, काटक्या-काटक्यांना चिकटलेला, एक अख्खं लाकूड तर सालीच्या चिरांतून आतून पेटल्यासारखं. गावात कोणी म्हणालं असतं देवचार (गावाचा राखणदार) चूड, म्हणजे पेटती मशाल, घेऊन गेला. ती बुरशी आहे, कुजक्या ओल्या लाकडावर पावसाळ्यात चमकते, हे मला ऐकून माहीत होतं, पण आम्ही कायम बॅटरी मारत चालणार, दिसणार कशी. मोबाईलवर फोटो काढला, तो नुसता काळा आला. तात्या म्हणे, "वर बघ, वर बघ." तेवढ्यात धुकं विरळ झालं आणि दोन पोल पुढे निळी ठिणगी दिसली. लाईन बंद करून काम करायचं परमिट घेतलं, दोन्हीकडून एबी स्विच (पोलावरचा लाईन तोडायचा स्विच) ओपन, तारेत उरलेला करंट उतरवायला डिस्चार्ज रॉड, अर्थिंग, मग इन्सुलेटर बदलला. काढलेल्या इन्सुलेटरवर चिरेच्या कडेने बारीक काळी रेघ होती, बस.

पण डोक्यात अडकलंय ते वेगळंच. ती लाकडं तिथे आलीच कशी, तर गेल्या वर्षी ट्रिमिंगच्या ठेकेदाराने फांद्या छाटून लाईनखाली तशाच टाकल्या, उचलायचे पैसे घेऊन. कामचुकारपणा तो, दुसरा शब्द नाही. तक्रार मीच केलेली, लेखी, दोनदा. कोणी ढुंकून बघितलं नाही. आणि आता, इतक्या महिन्यांनी, साहेबांचा फोन, ठेकेदाराची माणसं पाठवतोय, नेमक्या कुठल्या स्पॅनमध्ये पडलंय ते लाकूड, पोल नंबर सांग.

बघून सांगतो म्हणालोय. तात्या म्हणतो पावसाळा संपल्यावर बघ.