पाठीवर सही, तरी चेक परत

गेल्या चतुर्थीला फोंड्याला आलो तेव्हा माझ्या बॅगेत चॉकलेटं, आईसाठी स्वेटर आणि दुसऱ्याच्या नावाचा साडेआठशे डॉलरचा चेक होता.

न्यू जर्सीत माझा रूममेट म्हापशाचा. नोकरी सोडून तो कायमचा गोव्यात परतला आणि निघताना तिकडचं खातंही बंद करून आला. महिन्याभरात घरमालकाने डिपॉझिट परत केलं, पण चेकने, आणि तोही त्याच्या नावावर. (म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकणारी बाई क्यूआर कोड पुढे करते आणि अमेरिकेत घरभाड्याचे व्यवहार अजून चेकने होतात, हे इथे कुणाला पटत नाही.)

"तुझ्याच खात्यात घाल रे, मला मागाहून दे," तो फोनवर म्हणाला.

तिकडे हे होऊ शकतं. ज्याच्या नावाचा चेक असतो त्याने मागच्या बाजूला 'पे टू द ऑर्डर ऑफ' असं लिहून पुढे माझं नाव घालायचं आणि सही करायची. याला थर्ड पार्टी चेक म्हणतात. फक्त सही त्याची हवी आणि तो होता गोव्यात. म्हणून चेकने विमानप्रवास केला.

काका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. बाल्कांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, बसून त्यांनी चेक उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "तिरक्या रेघा कुठं आहेत?"

तिकडे अशा रेघा मारत नाहीत, असं सांगितल्यावर त्यांनी चष्माच काढला. आपल्याकडे कोपऱ्यात दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलं की पैसे त्याच नावाच्या खात्यात जाणार. ते दुसऱ्या कुणाच्या खात्यात जमा करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. काकांची अख्खी नोकरी त्या दोन रेघांवर गेली. पाठीवर सही करून चेक तिसऱ्याला देणं त्यांना दार उघडं टाकून झोपण्यासारखं वाटलं.

रूममेट जेवायला आला तेव्हा सही उरकली. अमेरिकन चेकच्या मागे सहीसाठी वरची जेमतेम दीड इंच जागा असते. खाली रेघ आणि तिच्याखाली लिहू नका अशी ताकीद. ह्याच्या सहीची शेपटी नेमकी त्या रेघेखाली उतरली. काका हळहळले. त्याच्याच इथल्या खात्यात का भरू नये, म्हणून शाखेतही विचारून झालं होतं. पण डॉलरचा चेक वसुलीला परदेशी जाणार, कित्येक आठवडे लागणार, वर चार्जेस. तो नाद सोडला.

परत गेल्यावर माझ्या बँकेतल्या बाईंनी पाठीवरची सही पाहून विचारलं, "हे कुठे आहेत?" गोव्यात, म्हणालो. "मग ते आले की दोघे ओळखपत्र घेऊन या." मी कायद्याचं बोलायला गेलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, असा चेक करता येतो, पण तो घ्यायचा की नाही हे बँक ठरवते. मोबाईल ॲपवर फोटो काढून भरला, तर तासाभरात नकार. चेक ज्या बँकेचा होता तिथेही तेच: रोख हवी तर ज्याचं नाव त्याने यावं.

राग आला खरा, पण त्यांची भीती उगाच नाही. पाठीवरची सही खोटी निघाली तर नुकसान बहुतेक बँकेच्याच अंगावर येतं. शिवाय तिकडे चेक भरल्यावर एक-दोन दिवसांत पैसे खात्यात दिसतात. दिसतात, म्हणजे वटले असं नाही. चेक परत आला की बँक ते काढून घेते, आणि तुम्ही मधल्या काळात ते कुणाला पाठवले असतील तर भरपाई तुमच्या खिशातून. भामटे नेमका हाच मधला वेळ साधतात, आणि त्यात नवे आलेले विद्यार्थी हमखास सापडतात. अनोळखी माणसाने 'माझा चेक तुझ्या खात्यात घाल' म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

सहा महिने उलटले की चेक वटवायला बँक बांधील नसते, म्हणून शेवटी घरमालकालाच गाठलं. त्याने रूममेटकडून ईमेल मागवली, जुन्या चेकचं पेमेंट थांबवलं आणि माझ्या नावाचा नवा चेक दिला. तो वटल्याची खात्री झाल्यावरच मी पैसे म्हापशाला पाठवले. दोन दिवसांत पोचले.

नव्या चेकचा फोटो काकांना पाठवला होता. उत्तर आलं, "रेघा अजून नाहीतच."