सोनकीतला दगड आणि फुटलेलं चेंबर

बामणोलीकडच्या एका गावात आत्याच्या नातवाचं बारसं होतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम सरत आलेला, पण पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग काही सरली नव्हती. परतताना कास तलाव मागे टाकला आणि एका वळणावर समोरून एसटी आली. रस्ता अरुंद. एसटीला वाट देणं हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून मी डावी चाकं रस्त्याखाली उतरवली. कडेला सोनकीचा पिवळाधमक ताटवा होता. त्यात जांभ्याचा एक दगड दडून बसला होता, तो मला दिसला नाही. खालून 'खाड्' असा आवाज आला, पायाखालचा पत्रा थरथरला.

एसटी निघून गेली. मी गाडी वर घेतली, शंभरेक फूट गेलो असेन, तेवढ्यात समोर तेलाच्या झारीचं लाल चित्र पेटलं. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं शहाणपणाचं काम एवढंच.

उतरून वाकून पाहिलं. काळ्या तेलाची धार लागली होती. पाण्याचा पाच लिटरचा रिकामा कॅन गाडीत होता, तो कापून खाली सरकवला. जवळच्या पठाराला २०१२ पासून जागतिक वारशाचा मान आहे आणि आपण इथं इंजिन ऑइल सांडतोय, याची खरंच लाज वाटली. चुलतभाऊ बरोबर होता. तो म्हणाला, "दादा, यवतेश्वरचा सगळा उतारच हाय की. न्यूट्रल टाक, समर्थ मंदिरापातुर आपसूक जाईल."

मोह झाला, नाही असं नाही. पण इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा पाय दाबता येतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. यवतेश्वरच्या घाटात तसं उतरणं म्हणजे बारशाहून थेट दहाव्याला. आणि इंजिन चालू ठेवून 'हळूहळू' जाणं त्याहून वाईट. ती लाल लाईट तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवते. ती पेटली म्हणजे पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागला. क्रँकची बेअरिंगं तेलाच्या पातळ थरावर फिरतात. तो थर गेला की धातूवर धातू घासतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं.

साताऱ्याहून गाडी उचलून नेणारा टेम्पो यायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात चार गाड्या थांबून 'इथं पार्किंग आहे का' विचारून गेल्या.

आमची जीप २०११ सालची, डिझेल. (आमच्याकडे चार चाकांची कुठलीही उंच गाडी ही जीपच असते, कंपनी कुठलीही असो.) दुसऱ्या दिवशी ती एमआयडीसीतल्या बापू मिस्त्रींच्या खड्ड्यावर लागली. बापूंनी खाली उतरून बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, लाईट लागल्यावर गाडी किती चालवली?"

"लगेच बंद केली."

"मंग इंजिन वाचलं तुमचं. आता चेंबरचं बघू."

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, पुस्तकात ज्याला ऑइल पॅन म्हणतात ते. आमचं पत्र्याचं होतं. तळाला बशीएवढा पोचा आला होता आणि तेल काढायचा ड्रेन नट ज्या जाड गोल तुकड्यात बसतो, त्याच्या जोडाला केसासारखी चीर गेली होती. मला वाटलं, एम-सील लावून भागेल, नाहीतर गॅस वेल्डिंग. ओळखीतल्या तिघांनी तेच सुचवलं होतं. बापूंनी हसून पोच्यावर टिचकी मारली. म्हणाले, चीर बुजेल हो, पण आत तेल ओढणारी जाळी आहे ती तळापासून बोटभरच वर असते. तळ वर आला की जाळीचं तोंड दाबलं जातं. बाहेर थेंब गळणार नाही आणि आत इंजिन उपाशी राहील. शिवाय वेल्डिंगच्या आचेनं चेंबरची कड वाकते, मग पॅकिंग कितीही चांगलं लावा, ते गळणारच. आत पोचा असताना नुसती चीर बुजवणं म्हणजे इंजिनशी जुगार, हे मला तिथं पटलं.

नवं चेंबर आणायला बापू स्वतः माझ्या स्कूटरवर मागे बसून आले, ते मला आधी जरा जास्तीचं वाटलं. पोवई नाक्याच्या गर्दीतून वाट काढत दुकानात पोचलो. दुकानदारानं लोकल माल काढून ठेवला, काळा चकचकीत रंग, किंमत कमी. बापूंनी ते उचललं आणि काउंटरच्या काचेवर पालथं ठेवलं. एका कोपऱ्यावर बोट दाबलं. समोरचा कोपरा टक् करून उचलला गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. दुकानदार छताकडे बघायला लागला. "ही कड सपाट नाय," बापू म्हणाले, "बोल्ट आवळून सपाट करायची म्हटलं तर भोकाभोवती पत्रा खोल जाईल अन् दोन भोकांच्या मधनं तेल येईल." कंपनीचं चेंबर दीडपट महाग होतं, पण काचेवर ठेवल्यावर हललं नाही. तेच घेतलं. सोबत ऑइल फिल्टर, ड्रेन नटचं तांब्याचं नवं वायसर, चेंबरची कड इंजिनला चिकटवून तेल अडवणाऱ्या सिलिकॉन पेस्टची ट्यूब आणि १५डब्ल्यू-४० तेलाचा डबा.

खोलण्याचं काम मी समजत होतो तितकं सोपं नव्हतं. बोल्ट दहाच्या पान्याचे, वीसेक असतील. पण आमच्या गाडीत चेंबरच्या खालून आडवा बीम जातो. बोल्ट सगळे निघाले तरी चेंबर त्याला अडकून बसतं. म्हणून आधी बॅटरीची वायर काढली, इंजिनची माउंटिंग ढिली केली आणि वरून चेन ब्लॉक लावून इंजिन दोन बोटं उचललं. उचलताना पोऱ्या पंख्यापाशी उभा होता. पंखा रेडिएटरला लागतोय का, होजपाइप ताणले जातात का, यावर त्याची नजर. मागचे दोन बोल्ट गिअर बॉक्सच्या पोटाशी दडलेले, तिथं लांब एक्स्टेन्शनशिवाय हात पोचत नाही.

बोल्ट निघाले तरी चेंबर चिकटून राहिलं. मी स्क्रूड्रायव्हर घालायला गेलो तर बापूंनी हात धरला. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडाच्या, तोंडावर ओरखडा पडला की तो कायमचा. त्यांनी पातळ पत्र्याची पट्टी घेतली, कडेनं सरकवत, हलक्या हातोडीनं टकटक करत चारी बाजू मोकळ्या केल्या.

चेंबर खाली आलं आणि आत जे दिसलं त्याची मला कल्पनाच नव्हती. तेल ओढणाऱ्या जाळीला करड्या रंगाच्या शेवया लटकल्या होत्या. अगदी खिरीतल्या शेवया! आधी कधीतरी कुणीतरी चेंबर काढून भरमसाट पेस्ट लावली होती. जास्तीची पेस्ट आवळताना आतल्या बाजूला दाबली जाते, वाळते, तुटते आणि जाळीत येऊन अडकते. म्हणजे माझं इंजिन त्या दगडाच्याही आधीपासून अर्ध्या गळ्यानं तेल पीत होतं. गाडी मी जुनी घेतलेली, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा! बापूंनी चेंबरच्या तळातलं तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं, चकाकी आहे का बघितली. बेअरिंगचा धातू झडला असेल तर तेलात चांदीसारखे कण दिसतात. नव्हते. लोहचुंबकालाही काही लागलं नाही.

मग ब्लॉकचं तोंड साफ करणं. इथं मी चूक केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पोऱ्यानं पट्टीनं जुनी पेस्ट खरवडली, कपडा फिरवला. पुढच्या टायमिंग कव्हरचा सांधा आणि मागच्या सीलच्या घराचा सांधा, या दोन ठिकाणी दोन वेगळे भाग एकमेकांना भेटतात आणि खाच राहते. तिथं जुनी पेस्ट खोल बसलेली असते, वरून तेल झिरपत राहतं. बापू म्हणत होते की रात्रभर तेल निथळू दे, सकाळी परत पुसू, मग पेस्ट लावू, वर आणखी एक रात्र वाळू दे. मला दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, गाडी हवी होती. मी इतका मागं लागलो की त्यांनी त्याच दुपारी चेंबर बसवलं आणि संध्याकाळी तेल भरून दिलं. देताना फक्त म्हणाले, "सर, तुमची मर्जी."

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ताजा सोनेरी डाग. मागच्या कोपऱ्याखाली, अगदी त्या सांध्याच्या रेषेत.

रिक्षानं शाळेत गेलो. तपासणी अर्ध्या तासात उरकली.

बापू रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाटलं. शनिवारी सगळं पुन्हा: तेल काढायचं, चेन ब्लॉक, माउंटिंग, मागचे दोन बोल्ट. तेल नवंच होतं, म्हणून धुऊन कोरड्या केलेल्या कॅनमध्ये झाकून ठेवलं. परत भरताना बारीक तारेच्या जाळीतून ओतलं, कपड्यातून नाही, कारण कपड्याचे धागे आत जातात. या वेळी खड्ड्यात मी उतरलो. मान वर करून, डोळ्यावर चष्मा, हातात प्लॅस्टिकची पट्टी. खाचेतली पेस्ट दाताच्या काडीनं उकरून काढली. थिनरचा बोळा फिरवायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा पांढरं फडकं फिरवायचं. पहिलं फडकं काळं, दुसरं तपकिरी, तिसऱ्यावर फक्त दोन कोपऱ्यांत पिवळट ठिपका. तो ठिपका दर वेळी परत यायचा. बापू वरून विचारायचे, "आलं का कोरडं?" मी म्हणायचो, "नाही अजून." नववं की दहावं फडकं पांढरं निघालं. चेंबर बसवायचं काम अर्ध्या तासाचं, पण त्याचं तोंड कोरडं करायला मला अख्खी दुपार लागली. बिडी-काडी तेवढा वेळ बंद, थिनरची वाफ खड्ड्यात साठते.

पेस्टची रेघ बापूंनी ओढली: तीन मिलिमीटर जाड, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूनं वळसा घेत, कुठंही न तुटता. सांध्यांवर एकेक थेंब जास्त. चेंबर सरळ वर नेलं, घसरू दिलं नाही. बोल्ट आधी सगळे हातानं लावले, मग मधल्यापासून बाहेर, आलटून पालटून. मी टॉर्क पाना आणला होता, ठरवलेला जोर आला की 'कट्' वाजणारा. सहा मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. बापूंनी आधी आपल्या हातानं आवळलं आणि मग मला तपासायला सांगितलं. जवळजवळ प्रत्येक बोल्ट पाना लावताच 'कट्' करून बोलला. "मनगटाचा जोर लावायचा, खांद्याचा नाय," एवढंच ते म्हणाले, पण मिशीत हसत होते.

गाडी दोन रात्री तशीच ठेवली. सोमवारी तेल आणि नवा फिल्टर. डिझेलचा पुरवठा बंद ठेवून आधी थोडा थोडा स्टार्टर मारला, तेलाची लाईट विझेपर्यंत. मग चालू केलं. पाच मिनिटं चालवून बंद, पुन्हा पाच मिनिटं थांबून सपाट जागेवर तेल मोजायची पट्टी बघितली. वरच्या खुणेला दोन रेषा कमी.

मजुरी त्यांनी एकदाचीच सांगितली. मी दुसऱ्या वेळचे पैसे पुढं केले तर म्हणाले, "खड्ड्यात तुम्ही झोपला व्हता, मी न्हाय." शेवटी पोऱ्याच्या हातात ठेवले. जुनं काळं तेल ड्रममध्ये गेलं. त्यातलं दोन लिटर शेजारचा सुतार वाळवीला लावायला मागून घेऊन गेला.

मंगळवारी सकाळी पुठ्ठा ओढून काढला तर त्यावर ओला डाग! पोटात गोळा आला. बोट लावलं, वास घेतला. पाणी. आदल्या संध्याकाळी बायकोनं बाजारातून येताना एसी लावला होता.

परवा गॅरेजवरून गेलो तेव्हा पोऱ्या माझ्या जुन्या पोचलेल्या चेंबरात डिझेल ओतून कुणाच्या तरी गाडीचे नटबोल्ट धूत होता. चिरेवर त्यानं एम-सील लावलं होतं आणि ते गळत नव्हतं.